जुन्या घराला नेट झीरो करताना कामांचा क्रम कसा असावा?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपुरात १९९२ च्या सुमारास बांधलेले, सुमारे बाराशे चौरस फुटांचे बैठे घर आहे. भिंती नऊ इंची विटांच्या, वर साधा स्लॅब आणि मोकळी गच्ची. दोन एसी, सहा पंखे, जुना फ्रिज आणि गीझर मिळून वर्षाला पाच हजार युनिटच्या आसपास वीज लागते, आणि मे महिन्यात हा आकडा साडेआठशेवर जातो. एका विक्रेत्याने पाच किलोवॉटची सौर यंत्रणा सुचवली आहे, तर एका परिचिताने घर पाडून नवे ‘ग्रीन’ घर बांधण्याचा सल्ला दिला आहे. पाच किलोवॉटने घर नेट झीरो होईल का, पाडणे योग्य ठरेल का आणि वीज गेल्यावर सोलर चालेल का, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे.

घर पाडू नये, पाच किलोवॉट घेऊ नये आणि पॅनल सर्वांत शेवटी बसवावेत, असे माझे मत आहे. विदर्भातील जुन्या घरांत ऊर्जाबचतीचे काम करताना मला एकच चूक वारंवार दिसते. घराची गरज आहे तशीच ठेवून ती भागवण्यासाठी गच्ची पॅनलने भरली जाते. कागदावर हिशेब शून्य होतो, पण खोली रात्री अकरा वाजताही तापलेलीच राहते.

नेट झीरो म्हणजे घराने वर्षभरात वापरलेली ऊर्जा आणि घराने स्वतः निर्माण केलेली ऊर्जा यांचा मेळ बसणे. हा मेळ निर्मिती वाढवून जसा बसतो तसा गरज कमी करूनही बसतो, आणि आपल्या हवामानात गरज कमी करण्याची सर्वांत मोठी संधी छतात आहे. नागपूर साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे मे महिन्याच्या अखेरीस, म्हणजे ऐन उकाड्यात, सूर्य दुपारी अगदी डोक्यावर येतो. त्या दिवसांत दक्षिणेच्या भिंतीवर जवळजवळ ऊन पडत नाही. पूर्व आणि पश्चिम भिंतींना अर्धा दिवस मिळतो, छत मात्र सकाळपासून संध्याकाळपर्यंत तापत असते. हवा ४५ अंशांवर असताना उघड्या काँक्रीटचा पृष्ठभाग ६५ अंशांच्या पुढे जातो.

आता या स्लॅबमधून आत किती उष्णता येते ते पाहू. सहा इंची उघड्या स्लॅबचे यू-मूल्य, म्हणजे दर चौरस मीटरमागे आणि दर अंश फरकामागे आत झिरपणारी उष्णता, सुमारे ३.५ वॉट असते. शयनगृह १५ चौरस मीटरचे आहे आणि दिवस-रात्र मिळून ऊन जमेस धरून आतील व बाहेरील तापमानात सरासरी वीस अंशांचा फरक आहे, असे धरले तर हजार वॉटहून अधिक उष्णता सतत आत येते. एसी चालू असताना छताला एक हजार वॉटची शेगडी टांगून ठेवण्यासारखेच हे आहे. त्याच स्लॅबवर ५० मिमी जाडीचा एक्सपीएस फोम (उष्णता अडवणाऱ्या कडक फोमच्या शीट) बसवला की यू-मूल्य ०.५ च्या आसपास येते आणि तोच आकडा दीडशे वॉटवर उतरतो. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने निवासी इमारतींसाठी २०१८ मध्ये आणलेल्या इको निवास संहितेत छताच्या यू-मूल्याची कमाल मर्यादा १.२ ठेवली आहे. आपला आजचा स्लॅब त्या मर्यादेच्या जवळपास तिप्पट आहे.

स्लॅब उष्णता साठवून ठेवतो, ही गोष्टही लक्षात घेतली पाहिजे. दुपारी शोषलेली उष्णता तो चार-सहा तासांनी आत सोडतो, म्हणून आपले शयनगृह नेमके झोपायच्या वेळी तापते. त्या वेळी सौर निर्मिती शून्य असते आणि आपला एसी कोराडी किंवा खापरखेड्यासारख्या औष्णिक केंद्रांतून येणाऱ्या कोळशाच्या विजेवर चालतो. वार्षिक बेरजेत हे दिसत नाही, पण ज्याला खरोखर कार्बन कमी करायचा आहे त्याने रात्रीचा भार कमी करण्याला अधिक महत्त्व द्यावे. त्यामुळेच मी इन्सुलेशन, म्हणजे हा उष्णतारोधक थर, स्लॅबच्या खाली न बसवता वर बसवण्याचा आग्रह धरतो. वर बसवले की स्लॅब उन्हापासून वाचतो, त्याचे वस्तुमान घराच्या आत राहते, आणि पहाटे खिडक्या उघडून तो थंड केला तर दिवसाचे काही तास खोली सुसह्य राहते. आतून फॉल्स सीलिंग करून त्यावर ग्लासवूल टाकण्याचा पर्याय स्वस्त आणि सोपा वाटतो, परंतु तो स्लॅबला तापू देतो. शिवाय तीस वर्षांच्या जुन्या स्लॅबची गळती आणि गंजलेली सळई त्यामागे झाकली जाते. जुन्या घरात मी तो शक्यतो टाळतो.

हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, स्लॅब पूर्ण कोरडा असताना करावे. सर्वप्रथम संरचना अभियंत्याकडून स्लॅबची तपासणी करून घ्यावी. हातोडीने ठोकून पोकळ आवाज येणाऱ्या जागा शोधाव्यात, सळई उघडी पडली असेल तर गंज काढून पॉलिमर मॉर्टरने दुरुस्ती करावी. त्या काळातील घरांवर बहुधा विटांच्या तुकड्यांचा कोबा असतो. चार इंच जाडीच्या कोब्याचे वजन दर चौरस मीटरला पावणेदोनशे ते दोनशे किलो भरते. तो तडकलेला आणि पाणी धरून ठेवणारा असेल तर काढून टाकल्याने स्लॅबचा भारही हलका होतो. मात्र तो सुस्थितीत असेल तर केवळ नवेपणासाठी फोडू नये. त्यानंतर पाणी वाहून जाण्याचा उतार नीट करून घ्यावा, वॉटरप्रूफिंगचा थर द्यावा आणि गच्चीत दोन-तीन दिवस पाणी साठवून चाचणी घ्यावी. ही चाचणी कंत्राटदाराला नकोशी असते, तरीही ती झाल्याशिवाय पुढचा थर टाकू देऊ नये. मग एक्सपीएसच्या शीट सांधे घट्ट जुळवून अंथरायच्या, वर जिओटेक्सटाइल कापड, त्यावर जाळी घालून दोन इंचांचा काँक्रीटचा थर आणि सर्वांत वर पांढऱ्या टाइल्स किंवा पांढरा चायना मोझॅक. काँक्रीटच्या थराला दर दोन-तीन मीटरवर सांधा ठेवावा, नाहीतर पहिल्याच उन्हाळ्यात तो तडकतो. एक्सपीएस बंद पेशींचा असल्यामुळे पाणी फारसे शोषत नाही. साधा थर्माकोल मात्र येथे वापरू नये, कारण पावसाळ्यात तो भिजला की त्याचा उपयोग संपतो.

वरचा पृष्ठभाग पांढरा असण्याचे महत्त्व कमी लेखू नये. उघडे, जुने काँक्रीट उन्हाचा जेमतेम तिसरा हिस्सा परतवते, तर चांगला पांढरा लेप सत्तर ते ऐंशी टक्के परतवतो. या वर्षी इन्सुलेशनसाठी पैसे नसतील तर निदान पांढरा परावर्तक लेप जरूर द्यावा. तो धुळीने मळतो, म्हणून दर वर्षी होळीच्या सुमारास गच्ची धुवावी आणि काही वर्षांनी लेप पुन्हा द्यावा. विदर्भात गच्चीवर हिरवी जाळी बांधण्याची पद्धत आहे आणि तीही उपयोगी आहे, कारण ऊन स्लॅबवर पडण्याआधीच अडते. मराठवाड्यातील माळवदाच्या घरांत मातीचा जाड थर हेच काम करत असे. आज तेवढे वजन आपल्या स्लॅबवर टाकता येणार नाही, तेथे फोमचे दोन इंच पुरतात.

भिंतींबाबत मी इतका आग्रही नाही. नऊ इंची विटांच्या भिंतीचे यू-मूल्य दोनच्या आसपास असते, म्हणजे स्लॅबपेक्षा बरे, आणि चारही भिंतींना बाहेरून इन्सुलेशन देण्याचा खर्च आपल्या घरात सहज भरून निघणार नाही. पश्चिमेची भिंत तेवढी अपवाद आहे. दुपारी तीननंतरचे ऊन तिरपे आणि खाली येते, त्यामुळे छज्जा कितीही लांब केला तरी ते अडत नाही. तेथे उभी सावली लागते. बांबूची चटई किंवा जाळी भिंतीपासून वीतभर अंतरावर बसवावी, किंवा जागा असेल तर वेल आणि झाड लावावे. खिडकीच्या काचेवर आतून जाड पडदा लावल्याने फारसा लाभ होत नाही, कारण ऊन एकदा काचेतून आत आले की उष्णता आतच राहते. पडदा बाहेर हवा. साधी एकेरी काच उन्हाच्या उष्णतेचा जवळजवळ ऐंशी टक्के हिस्सा आत घेते, पण म्हणून दुहेरी काचेच्या महागड्या खिडक्या घ्याव्यात असेही नाही.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. नेट झीरो घरांविषयी वाचनात येणारे बरेचसे साहित्य थंड देशांतील आहे. जर्मनीत डार्मश्टाट येथे १९९१ मध्ये बांधलेल्या पहिल्या पॅसिव्ह हाउसपासून हवाबंद बांधकाम, जाड इन्सुलेशन आणि तिहेरी काच हा मार्ग रूढ झाला, आणि तेथे तो योग्यच आहे. तेथील हिवाळ्यात आत वीस आणि बाहेर उणे दहा असा तीस अंशांचा फरक असतो आणि उष्णता बाहेर जाऊ द्यायची नसते. नागपुरात मे महिन्याच्या दुपारीही आतल्या आणि बाहेरच्या हवेत फरक पंधरा-सतरा अंशांचाच असतो. आपला मुख्य शत्रू हवा नसून थेट ऊन आहे, आणि वर्षातील सात-आठ महिने उघडी खिडकी हाच सर्वांत स्वस्त उपाय असतो. म्हणूनच इको निवास संहितेने नागपूरसारख्या संमिश्र हवामानासाठी उघडता येणाऱ्या खिडक्यांचे क्षेत्रफळ चटई क्षेत्राच्या किमान १२.५ टक्के असावे असे म्हटले आहे. सरकत्या खिडकीचा अर्धाच भाग उघडतो, पल्ल्याच्या खिडकीचा जवळजवळ पूर्ण. आपण खिडक्या बदलणारच असाल तर पल्ल्याच्या घ्याव्यात आणि जाळीचा वेगळा पल्ला बसवावा, म्हणजे डासांच्या भीतीने त्या बंद ठेवाव्या लागणार नाहीत.

कूलरला आपण प्रश्नात स्थानच दिलेले नाही, याचे मला आश्चर्य वाटले. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे ०.६७ युनिट इतकी उष्णता शोषली जाते, आणि एप्रिल-मेमधील कोरड्या हवेत हे काम कूलर दीडशे-दोनशे वॉटमध्ये करतो. जून उजाडून हवेत दमटपणा आला की त्याचा उपयोग संपतो आणि एसीची पाळी येते. दोन्ही यंत्रे ठेवून ऋतूप्रमाणे वापरणे हे नागपूरला साजेसे शहाणपण आहे. कूलर लावताना समोरची खिडकी उघडी ठेवावी, अन्यथा खोलीत दमट हवा कोंडते आणि लोक कूलरला दोष देतात. आपल्या वस्तीत उन्हाळ्यात टँकर येत असेल तर मात्र पाण्याचा हिशेब आधी करावा. एसीचे तापमान २६ अंशांवर ठेवून सोबत पंखा चालवल्यास आराम तेवढाच मिळतो आणि वीज बरीच वाचते.

आता उपकरणांचा हिशेब मांडतो. सहा जुने पंखे ७५ वॉटचे, रोज बारा तास आणि वर्षात २८० दिवस चालतात असे धरले, तर त्यांनाच पंधराशे युनिट लागतात. पंखा किरकोळ वाटतो, पण वर्षभराच्या बेरजेत तो एसीच्या जवळ पोहोचतो. ३० वॉटचे बीएलडीसी (कमी वीज घेणाऱ्या ब्रशविरहित मोटरचे) पंखे बसवल्यास तेच काम सहाशे युनिटमध्ये होते. हा एकच बदल मी आपल्याला उद्याच करायला सांगेन, कारण त्यासाठी कोणतीही तोडफोड किंवा परवानगी लागत नाही. दोन एसींना उन्हाळ्याच्या शंभर दिवसांत सुमारे अठराशे युनिट लागत असावेत. छत, पश्चिमेची सावली आणि कूलर या तिन्हींनंतर ते निम्म्यावर यावेत. जुना फ्रिज वर्षाला सहाशे युनिट घेत असेल तर नवा कार्यक्षम फ्रिज अडीचशेत भागतो. गीझरचे पाचशे युनिट सौर बंबाने किंवा हीट पंपाने (हवेतील उष्णता घेऊन पाणी तापवणाऱ्या यंत्राने) दीडशेवर येतात. उरलेले दिवे, टीव्ही, पाण्याचा पंप आणि धुलाई यंत्र यांचे सहाशे युनिट साडेचारशेपर्यंत आणता येतात. सर्व मिळून पाच हजारांचे साधारण साडेतेवीसशे होतात. हे आकडे अंदाजाचे आहेत, ते आपल्या घरासाठी पक्के करण्यासाठी गेल्या बारा महिन्यांची बिले समोर ठेवावीत. ज्या महिन्यात एसी आणि गीझर दोन्ही बंद असतात, त्या फेब्रुवारी किंवा ऑक्टोबरच्या बिलातून घराचा मूळ भार कळतो आणि मेच्या बिलातून तो वजा केला की थंडाव्याची खरी किंमत दिसते.

आपल्याकडे एक किलोवॉट पॅनल वर्षाला साधारण चौदाशे युनिट देतात. त्यामुळे आजच्या गरजेसाठी जवळजवळ चार किलोवॉट लागतील, तर सुधारलेल्या घराला दोन किलोवॉटही पुरतील. तरी मी तीन किलोवॉट घ्यायला सांगेन, आणि त्याचे कारण स्वयंपाकघरात आहे. गॅस जाळणाऱ्या घराला नेट झीरो म्हणणे मला प्रामाणिक वाटत नाही. १४.२ किलोच्या एका सिलिंडरचे काम इंडक्शनवर साधारण ११० ते १४० युनिटमध्ये होते. वर्षाला सात सिलिंडर लागत असतील तर नऊशे युनिट धरावेत. म्हणजे एकूण गरज साडेबत्तीसशे, तर निर्मिती बेचाळीसशे, आणि उरलेल्यात एक इलेक्ट्रिक स्कूटर सहज चालते. केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेतील अनुदान पहिल्या दोन किलोवॉटसाठी प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्यासाठी १८,००० रुपये, असे एकूण ७८,००० रुपयांवर थांबते. पुढच्या किलोवॉटचा संपूर्ण खर्च आपलाच असतो, ही बाब विक्रेत्याने सांगितली आहे का ते पाहावे.

मोठी यंत्रणा न घेण्याचे आणखी एक कारण बिलाच्या पद्धतीत आहे. नेट मीटरिंगमध्ये, म्हणजे ग्रिडला दिलेली वीज ग्रिडकडून घेतलेल्या विजेतून वजा करण्याच्या पद्धतीत, उरलेली वीज पुढच्या महिन्यात वळती होते, पण हिशेब एप्रिल ते मार्च असा आर्थिक वर्षाचा असतो. आपला सर्वाधिक वापर एप्रिल-मेमध्ये, म्हणजे वर्षाच्या सुरुवातीलाच, जेव्हा खात्यात काहीही शिल्लक नसते तेव्हा होतो. हिवाळ्यातील शिल्लक मात्र मार्चअखेर उरते आणि तिला मिळणारा दर आपण विजेसाठी भरतो त्या दरापेक्षा पुष्कळ कमी असतो. आजच्या वापरावर चार किलोवॉट बसवले तरी मे महिन्यात सुमारे तीनशे युनिट विकत घ्यावे लागतील. सुधारलेल्या घरात, इंडक्शनसह, तीन किलोवॉटवर ही तूट शंभरच्या आसपास राहते. वर्षाची बेरीज शून्य होणे आणि बिल शून्य होणे या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांतील अंतर उन्हाळ्याचा भार कमी करूनच मिटते.

पॅनल शेवटी बसवण्याचे व्यावहारिक कारणही सांगतो. ते एकदा बसले की पंचवीस वर्षे गच्चीवर राहतात. त्यानंतर गळती काढायची किंवा इन्सुलेशन करायचे म्हटले तर सांगाडा उतरवावा लागतो. म्हणून वॉटरप्रूफिंग आणि इन्सुलेशन करतानाच सांगाड्याचे काँक्रीटचे पाये स्लॅबवर घेऊन ठेवावेत आणि वॉटरप्रूफिंगचा थर त्यांच्या बाजूने वर चढवून घ्यावा, म्हणजे पुढे छिद्रे पाडावी लागणार नाहीत. सांगाडा सात-आठ फूट उंच घेतल्यास खालची गच्ची वापरता येते आणि शयनगृहावर सावलीही पडते. मात्र एप्रिल-जूनमधील वादळे लक्षात घेऊन वाऱ्याच्या भाराची गणना अभियंत्याने सही करून दिलेली असावी. पॅनल दक्षिणेकडे साधारण वीस अंशांच्या कलाने आणि पाण्याच्या टाकीच्या व जिन्याच्या खोलीच्या सावलीबाहेर असावेत. पॅनलचे तापमान २५ अंशांच्या वर गेले की प्रत्येक अंशामागे निर्मिती सुमारे ०.३५ टक्क्यांनी घटते. त्यामुळे मेच्या कडक उन्हात विक्रमी वीज मिळत नाही म्हणून यंत्रणेत दोष आहे असे समजू नये.

घर पाडण्याच्या सल्ल्याविषयी एवढेच म्हणेन की, आपल्या स्लॅबमध्ये आणि विटांमध्ये लागलेले सिमेंट, पोलाद आणि भट्टीचा कोळसा यांचे उत्सर्जन तीस वर्षांपूर्वीच होऊन गेले आहे. नवे घर म्हणजे ते सर्व पुन्हा करणे. आपल्या ग्रिडच्या एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, म्हणजे वर सांगितलेल्या साडेसव्वीसशे युनिटच्या बचतीतून वर्षाला सुमारे एक टन आणि आठ-नऊशे किलो वाचतो, आणि तोही जुने घर उभे ठेवून. संरचना अभियंत्याने स्लॅब धोकादायक ठरवला तरच पाडण्याचा विचार करावा. तशी वेळ आलीच तर जिना, स्वच्छतागृह आणि कोठीची खोली पश्चिमेला घ्यावी, भिंती एएसी ब्लॉकच्या (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या) कराव्यात आणि छताचे इन्सुलेशन पहिल्याच अंदाजपत्रकात लिहावे, कारण नंतरसाठी ठेवलेले ते काम सहसा होत नाही.

शेवटचा प्रश्न वीज गेल्यावर काय होते याचा. अनुदानात मिळणारी साधी ग्रिडला जोडलेली यंत्रणा पुरवठा बंद झाल्याबरोबर स्वतःही बंद होते. खांबावर काम करणाऱ्या वायरमनला उलट दिशेने आलेल्या विजेचा धक्का बसू नये म्हणून तशी तरतूद असते आणि ती टाळण्याचा कोणताही उपाय कोणी सुचवल्यास तो स्वीकारू नये. दिवे, पंखे आणि इंटरनेट चालू राहावे एवढीच अपेक्षा असेल तर आपल्याकडील इन्व्हर्टर आणि बॅटरी पुरते. बीएलडीसी पंख्यांमुळे तीच बॅटरी दुपटीने अधिक वेळ चालेल. हायब्रिड इन्व्हर्टर (पॅनल, बॅटरी आणि ग्रिड तिन्ही सांभाळणारा) आणि लिथियम बॅटरी घ्यायची असल्यास ती एसीसाठी न घेता एका खोलीच्या मूलभूत भारासाठी घ्यावी, आणि आपल्या भागात वीज वर्षातून प्रत्यक्षात किती तास जाते हे एक उन्हाळा आणि एक पावसाळा नोंदवून पाहिल्यावरच तो खर्च करावा.